चाकाला गोडं पाणी

मेस्त्री, आज सकाळी मी एका कागदावर सही करायला नाही म्हणालो. साहेबांनी टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं होतं. शेखाडीच्या उतारावर गाडी थांबली नाही याचं कारण रस्त्यावरची वाळू आणि चालकाने उशिरा लावलेला ब्रेक, गाडीच्या ब्रेक यंत्रणेत कोणताही दोष आढळला नाही, आणि हे सगळं चालकाला मान्य आहे, असं त्या कागदावर टाइप केलेलं होतं. चालक म्हणजे मी. मी कागद दोनदा वाचला. रस्त्यावर वाळू नव्हती. ब्रेक मी उशिरा लावला नव्हता. साहेब वाईट माणूस नाहीत, आवाजही चढवला नाही. म्हणाले, "सोमवारपर्यंत विचार कर." आज शनिवार आहे. सही केली तर नोकरी राहील आणि गाडी आहे तशी पुन्हा रस्त्यावर येईल, मागच्या सीटवर त्यांच्या आई, म्हणजे आमच्या आजी, बसलेल्या असतील. नाही केली तर मी चावी ठेवून जायचं, आणि गाडी तरीही रस्त्यावर येईल, फक्त चालवणारा दुसरा असेल आणि त्याला काही माहीत नसेल. दुपारची वेळ आहे, आजी आत झोपल्या आहेत. मी गाडीच्या शेडमध्ये पिंपाला टेकून बसलोय. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण हे ज्याला सांगितल्यावर लगेच कळेल असं दुसरं कुणी मला आठवेना.

तुम्ही गेल्यावर गॅरेज वर्षभरही टिकलं नाही. आता तिथे घरगुती जेवणाची पाटी आहे आणि गाडीखाली उतरायच्या तुमच्या खड्ड्यावर लाद्या बसवल्या आहेत. मी काही वर्षं नवी मुंबईत टुरिस्ट गाड्या चालवल्या, मग या साहेबांकडे लागलो. साहेबांचं घर मुंबईत, पण दिवेआगरला त्यांनी समुद्रालगतची एक वाडी घेतली. वादळात निम्म्या सुपाऱ्या आडव्या झाल्या होत्या, त्या जागेवर बंगला बांधला. आजी बाराही महिने इथेच राहतात आणि मी त्यांना घेऊन फिरतो. श्रीवर्धनला दवाखाना, बाजार, कधी देऊळ. गाडी परदेशी आहे. तिचं नाव लिहीत नाही, लिहून तुम्हाला कळणारही नाही. तुमच्या काळात अशी गाडी आपल्या रस्त्यावरून गेली की आपण हातातला पाना खाली ठेवून बघायचो.

या गाडीचा ब्रेक तुम्हाला समजावून सांगतो. पायाखाली पॅडल आहे, पण चाकाशी त्याचा सरळ संबंध नाही. पॅडल कॉम्प्युटरला सांगतं की पाय किती दाबला, कॉम्प्युटर एका मोटरला सांगतो, मोटर ऑइल दाबते आणि मग चाक धरलं जातं. पायाला काहीतरी दाबल्यासारखं वाटावं म्हणून पॅडलखाली वेगळी स्प्रिंग बसवलेली आहे. म्हणजे आपल्या पायाला जे कळतं ते चाकाकडून आलेलं नसतं, ते आपली समजूत काढायला ठेवलेलं असतं. खोटं कशाला लिहू, सगळं नीट असतं तेव्हा ही गाडी अशी थांबते की आजींच्या मांडीवरची उघडी पोथी मिटत नाही. चाक घसरायला लागलं तर कॉम्प्युटर ब्रेक क्षणभर सोडतो, धरतो, सोडतो, धरतो, माणसाला जमणार नाही इतक्या वेगाने. त्याने कितीतरी जीव वाचत असतील. माझं भांडण त्याच्याशी नाही. माझं भांडण हे आहे की प्रत्येक चाकापाशी एक बोटभर सेन्सर असतो, चाक फिरतंय की थांबलंय हे तो कॉम्प्युटरला सांगतो, आणि त्या सेन्सरला नीट दिसेनासं झालं तर कॉम्प्युटरला वाटतं की चाक घसरतंय. मग चाक घसरत नसताना, माझा पाय पॅडलवर पूर्ण असताना, तो ब्रेक सोडतो. आणि वर लिहून ठेवतो की यंत्रणेने आपलं काम चोख केलं.

तुमचा नियम पोयनाडपासून रेवसपर्यंतच्या सगळ्या टेम्पोवाल्यांना माहीत होता. ज्याने ब्रेक उघडला त्याने, गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात जायच्या आधी, तुमच्या शेजारी बसून कार्ले खिंड उतरायची. चालवणार तुम्ही. गिऱ्हाइक खाली चहाच्या टपरीवर उभं राहायचं आणि आपल्या दोघांना वरून येताना बघायचं. मी दहावीत गणितात अडकून तुमच्याकडे आलो त्याला चार महिने झाले होते, आणि मी मिठाच्या टेम्पोचे मागचे ब्रेक केले होते. दुसऱ्याच वळणावर पॅडल तळाला जातं. तुम्ही गिअर खाली घेता, हँडब्रेक थोडा थोडा ओढता आणि टेम्पो डोंगराच्या बाजूच्या गवतात घालता. इंजिन बंद झाल्यावर तुम्ही समोर बघत विचारता, "मागच्या डाव्या चाकाच्या ऑइलमधली एअर काढलीस?" मी म्हणतो, "काढली." तुम्ही म्हणता, "खोटं बोलू नको. आपून दोगं बी एकाच गाडीत हाव." एवढंच. मारलं नाहीत, शिवी दिली नाहीत. मी ते चाक तिथेच गवतात बसून पुन्हा केलं आणि आपण पुन्हा खिंडीच्या माथ्यावरून निघालो. त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही मला तुमचं फीलर गेज दिलंत, पानासारख्या पातळ पोलादी पट्ट्यांची ती जुडी. म्हणालात, "फट डोल्यानं बगायची नाय, मोजायची." ते अजून माझ्याकडे आहे. एकाही पट्टीला गंज नाही.

तेव्हापासून मी सगळं लिहून ठेवतो. तुमची कामाची वही मीच लिहायचो, कारण तुमच्या मते माझं शुद्धलेखन मास्तरापेक्षा बरं होतं. वहीच्या पुढच्या पानापासून गाडीचं दुखणं, मागच्या पानापासून आपण काय केलं ते, आणि पान एकाच बाजूने लिहायचं. या गाडीचीही तशी वही आहे. तीत पुढून पहिली नोंद अशी: वाडीच्या फाटकात, चालत्या माणसाच्या वेगाने येताना ब्रेक दाबला, पॅडल थरथरलं, गाडी वीतभर पुढे जाऊन थांबली. तीन आठवड्यांनी तसंच पुन्हा, बाजारात. तिसऱ्यांदा बोर्लीच्या नाक्यावर, हातभर. तिन्ही वेळा मी साहेबांना फोन केला आणि तिन्ही वेळा गाडी घेऊन नवी मुंबईच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथे काचेची भिंत आहे, गिऱ्हाइकाने आत यायचं नाही. एक मुलगा गाडीला वायर जोडतो, लॅपटॉपकडे बघतो आणि बाहेर येतो. "सिस्टम ओके दाखवतंय, भाऊ. एकपण एरर नाही." मी विचारलं, चाक काढून बघितलंत का. तो म्हणाला, "चाक कशाला काढायचं? गाडी स्वतः सांगते ना." मला तेव्हाच राग आला होता. गाडी स्वतः सांगते. म्हणजे ज्याच्यावर संशय आहे त्यालाच विचारायचं आणि त्याने नाही म्हटलं की चौकशी संपली.

चौथ्या वेळेला शेखाडीचा उतार होता. श्रीवर्धनहून परत येत होतो, सकाळचे अकरा, रस्ता कोरडा. उताराच्या पायथ्याशी रस्त्याला लागून बोंबील वाळत घालायचे बांबूचे मांडव आहेत. समोरून एसटी आली म्हणून मी गाडी हळू केली, सायकलीइतकी हळू, आणि थांबायला ब्रेक दाबला. पॅडल थरथरायला लागलं. गाडी थांबेना. आजी मागून म्हणाल्या, "अरे, थांब ना." मी म्हणालो, "दाबलाय, आजी." पाय पूर्ण खाली होता. एसटी चुकवायला मी डावीकडे घेतली आणि हँडब्रेकचं बटण ओढून धरलं. मागची चाकं अडकली, गाडी हिसका देऊन थांबली, पण त्याआधी पुढचा बंपर मांडवाला लागला होता. बांबू कोसळले. मांडवापलीकडे पाठमोरी उभी असलेली कोळीण मावशी हातावर पडली आणि तिचं मनगट मोडलं. आजींना काही झालं नाही. मावशी बोंबलांच्या ढिगात बसून मला म्हणाली, "आरं पोरा, गारी हलू आली न थांबलीच नाय. आंदरून कर्र कर्र वाजत व्हती, सुपात खरं घोलल्यावानी." सुपात खडे घोळल्यासारखा तो आवाज तिने बाहेरून ऐकला. पाय पॅडलवर असल्याशिवाय तो आवाज येतच नाही. मी हे तिचे शब्द जसेच्या तसे वहीत लिहिले. मावशीला आम्ही त्याच गाडीतून दवाखान्यात नेलं, कारण दुसरी गाडी नव्हती, आणि सबंध वाट मी हँडब्रेकच्या बटणावर हात ठेवून चालवली.

कंपनीचा मोठा माणूस आला. त्याने गाडीची सगळी आठवण लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि साहेबांना दाखवली: ब्रेक दाबला गेला, चाकं घसरली, यंत्रणेने घसरण आवरली, कुठेही बिघाड नाही. साहेब म्हणाले, "यात स्पष्टच आहे." मी म्हणालो, चाकं घसरली नाहीत, घसरली असं कॉम्प्युटरला वाटलं. तो माणूस माझ्याकडे बघून हसला, वाईट हसला नाही, लहान मुलाकडे बघतात तसा हसला. "डेटा आहे, दादा. गाडी खोटं बोलत नाही." तेव्हा मला तुमची खिंड आठवली. मी म्हणालो, "मग माझ्या शेजारी बसा. आत्ता शेखाडीचा उतार उतरू. सायकलीच्या वेगाने, दहा वेळा. मी चालवतो, तुम्ही फक्त बसा." तो म्हणाला, "असं आमच्या प्रोसीजरमध्ये बसत नाही." मी म्हणालो, "प्रोसीजर नको, तुम्ही बसा." साहेबांनी मला बाहेर जायला सांगितलं. मेस्त्री, ज्या कंपनीने तीनदा सांगितलं की ब्रेक उत्तम आहे, तिच्या माणसाला त्या ब्रेकवर पाव किलोमीटर बसायचं नव्हतं. आजी मात्र दवाखान्याला जाताना दर आठवड्याला बसणार. मला त्या दिवसापासून नीट जेवण जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी याच शेडमध्ये जॅक लावला आणि पुढचं डावं चाक काढलं. लॅपटॉप लागला नाही, टॉर्च लागला. सेन्सर ज्या लोखंडी खोबणीत बसतो तिथे खाली गंज धरला होता. गंज फुगतो, हे तुम्ही मला बिजागरीवर दाखवलं होतं. त्या फुगलेल्या गंजाने सेन्सर खालून उचलला होता. तुमचं गेज घातलं. गाडीच्या पुस्तकात दिली आहे त्याच्या दुपटीहून जास्त फट. उजव्या चाकाला थोडी कमी, पण तीही जास्तच. जोरात फिरणारं चाक सेन्सरला एवढ्या लांबूनही कळतं, हळू फिरणारं कळत नाही. म्हणून हे फक्त थांबता थांबता व्हायचं. फाटकात, बाजारात, नाक्यावर, उताराच्या पायथ्याशी, म्हणजे जिथे माणसं अगदी जवळ असतात तिथे. मी फोटो काढले, मोजमाप लिहिलं आणि सेन्सर होता तसाच परत बसवला, साफ केला नाही, पुरावा राहावा म्हणून. गाडी तेव्हापासून हलवलेली नाही. साहेबांनी फोटो कंपनीला पाठवले. उत्तर आलं की समुद्राकाठी गंज येणं स्वाभाविक आहे, तो यंत्रणेचा दोष नाही, आणि चालकाने परवानगीशिवाय चाक उघडल्याची नोंद घेण्यात आली आहे. त्याच्याबरोबर सहीचा कागद आला.

मला एवढंच विचारायचं आहे की समुद्राकाठी गाडी विकताना त्यांना समुद्र माहीत नव्हता का. आपल्या टेम्पोचा ब्रेक बिघडायच्या आधी आठ दिवस बोंब मारायचा. पॅडल खाली जायचं, चाक करकरायचं, ऑइल सांडायचं, आंधळ्यालाही कळलं असतं. या गाडीला सेन्सर आहेत, कॅमेरे आहेत, मागून मांजर गेलं तरी ती शिट्टी वाजवते, टायरमधली हवा जरा कमी झाली तरी पिवळा दिवा लावते. पण मला चाक नीट दिसत नाही हे ती सांगत नाही. नीट दिसत नसताना ती ब्रेक सोडते, आणि नंतर माणसाला खोटं पाडते. इतकी भारी गाडी आणि तिच्यात आपलं चुकत असेल अशी शंका घ्यायची सोय नाही. आज सकाळी साहेबांनी सोमवारची मुदत दिल्यावर हे मी त्यांना जवळजवळ याच शब्दांत सांगितलं. ते ऐकून घेत होते. पहिल्यांदाच त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "तुझ्याकडे सगळं लिहिलेलं आहे?" मी म्हणालो, "वही आहे." "सोमवारी वही दे. माझ्या वकिलांना दाखवतो. मग बघू सही कुणी करायची ते." आजी दारातून म्हणाल्या, "बघ, मी म्हणत होते. तो ब्रेकवर जवळजवळ उभा राहिला होता. मला आरशात त्याचं तोंड दिसत होतं." मग जाता जाता साहेबांनी सहज विचारलं, "पण एवढा गंज तीन वर्षांत? आला कुठून?" मी म्हणालो, "समुद्राची हवा, साहेब."

गॅरेजच्या विहिरीला मचूळ पाणी होतं, आणि तुम्ही दारात एक वेगळं पिंप ठेवलं होतं, गावच्या नळाचं पाणी भरून. गाडी विहिरीच्या पाण्याने धुतली तरी चालेल, पण चाकाला गोडं पाणी. एकदा पिंप रिकामं होतं आणि मी डॉक्टरांच्या गाडीची चाकं विहिरीच्या बादलीने धुतली. तुम्ही माझं बोट धरून चाकाच्या नटावरच्या थेंबावर टेकवलंत. "चाट." मी चाटलं. "कसा लागतं?" "खारट." "तुला चव कलली, लोखंडाला कलत नाय काय?" मग मला नळावर पाठवलंत, चार हेलपाटे, आणि चारही चाकं पुन्हा धुवायला लावलीत.

इथल्या वाडीची विहीर वादळानंतर आणखी मचूळ झाली. टाकीतलं गोडं पाणी घरात लागतं, म्हणून शेडमधला पंप विहिरीवर जोडलेला आहे. फवारा जोरात येतो. साहेबांना गाडी स्वच्छ लागते, आणि मला त्यांच्याहून जास्त लागते. तीन वर्षं, रोज संध्याकाळी, मी तो फवारा चाकांच्या आत, अगदी मागच्या खोबणीपर्यंत मारला आहे. पुढच्या दोन चाकांना जास्त, कारण ती जास्त दिसतात. मला तुमचं पिंप एकदाही आठवलं नाही, हे खरं आहे. पहिल्यांदा आठवलं ते चाक काढून टॉर्च मारला त्या क्षणी. समुद्राच्या हवेचाही त्यात भाग असेल. किती भाग हवेचा आणि किती माझा, हे कुठल्याही गेजने मोजता येणार नाही. कंपनीवरचा माझा राग त्यामुळे कणभरही कमी होत नाही, गंज कुणामुळेही येवो, गाडीने सांगायला हवं होतं. पण मी हे बोललो की ते तेवढंच ऐकतील. चालकाने खाऱ्या पाण्याने सेन्सर खराब केले, एवढं एक वाक्य, आणि बाकी सगळं पुन्हा काचेच्या भिंतीआड. शेखाडीची मावशी अजून हाताला प्लॅस्टर घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, पोराची कायपन चुकी नाय. परवा मी तिला बघायला गेलो तर तिने डाव्या हाताने मला चहा केला.

वहीत पुढून दुखणी आहेत आणि मागून कामं. मागे रोजची एक ओळ आहे: चाकं धुतली, विहिरीचा पंप. माझ्याच अक्षरात, एकाही चुकीशिवाय, तीन वर्षं. आज सकाळी साहेब गेल्यावर मी मागची ती सगळी पानं फाडली. अगदी शिवणीपासून, पट्टी धरून, पुढची पानं ढिली होणार नाहीत अशी बेताने. कुणाला कळणार नाही. वही आता कंपनीच्या लॅपटॉपसारखी झाली आहे, तिच्यात माझा एकही बिघाड नाही. लिहायला दुसरा कागद जवळ नव्हता, म्हणून हे सगळं मी त्याच पानांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत आलोय. सोमवारी ती पानं परत चिकटवून दिली तर हे पत्र साहेब वाचतील, वकील वाचतील, आणि नंतर कदाचित तो हसणारा माणूसही. तुमच्यापर्यंत ते तसंही पोचणार नव्हतं. डिंकाची बाटली आजींच्या कपाटात असते. त्या चारला उठतात.